सुमनची चिठ्ठी मी आधीच दाखवली होती

आधी माझा गाढवपणा सांगते, मग सुमनबद्दल. उलट क्रमाने सांगायला बसले तर तिच्या जाण्याच्या आड मी माझी चूक लपवीन, आणि लपवण्यात मी मुळातच हुशार आहे. तर, पंधरा वर्षांपूर्वीच्या विधानसभा निवडणुकीत एका उमेदवाराने माझ्या पाया पडून मला ‘आई’ म्हटलं, माझ्या हातचे तर्री-पोहे दोन प्लेट खाल्ले, आणि सगळ्या वस्तीने विश्वासाने माझ्याकडे ठेवलेला प्रश्नांच्या चिठ्ठ्यांचा डबा मी त्याच्यासमोर उघडला.

सुमनला जाऊन पाच आठवडे झाले. ती गेली त्या सकाळी तिच्या मुलीचा, उज्ज्वलाचा फोन आला. मी ‘बरं’ म्हणाले, जणू तिने बाजारातून काही मागवलं होतं, आणि कपाटातल्या साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसले. तेव्हापासून माझं असंच चाललंय. टीव्ही लावते, बंद करते, गॅलरीत जाते, कशाला आले ते विसरून परत येते. नात म्हणते, आजी, तू दिवसभर चालतेस आणि पोचत कुठेच नाहीस.

सुमन शाळेत गणित शिकवायची. तिच्या आईवडिलांनी छप्पन साली इथे नागपुरातच दीक्षा घेतलेली, आणि प्रश्न विचारणं हे त्या घरात जेवणाइतकंच रोजचं. मी कळमन्याच्या धान्य-व्यापाऱ्याची मुलगी. गिऱ्हाईक दुखवायचं नाही, एवढंच शिकून मोठी झालेली. आमची मैत्री भिशीतली. त्या वर्षी भिशीच्या बायकांनी ठरवलं, की उमेदवारांनी दारोदार हात जोडत फिरण्यापेक्षा सगळ्यांना समाजभवनात एका स्टेजवर बसवायचं आणि प्रश्न विचारायचे. नियम सुमनचा : प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता, आणि डबा उघडायचा तो स्टेजवरच. म्हणजे कोणी उत्तर पाठ करून येणार नाही. डबा माझ्याकडे, कारण माझ्या कपाटाला कुलूप होतं. कुलूप कपाटाला होतं, माझ्या तोंडाला नव्हतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

आदल्या संध्याकाळी तो आला. देखणा, पांढराशुभ्र, बोलायला गोड. पोहे खाता खाता म्हणाला, “आई, उद्याचं लय टेन्शन येऊन राहिलं. लोक काय विचारतील काय माहीत.” आता तेव्हाच्या माझ्याकडे बघा. वय छप्पन, डोक्यात अक्कल पाव किलो, आणि मनात एकच विचार, की उद्याचा आमदार आपल्या डायनिंग टेबलावर बसलाय. मी कुलूप काढलं. चिठ्ठ्या वाचून दाखवल्या, एकेक करून, चष्मा लावून... सुमनचं अक्षर मला ओळखू आलं. तिने लिहिलं होतं : ‘दवाखान्याची इमारत आहे, कुलूप आहे, डॉक्टर नाही. डॉक्टर कोणत्या महिन्यात बसेल? आणि नाही बसला तर आम्ही कोणाला धरायचं?’

हा प्रश्न तिने सहज लिहिला नव्हता. तिच्या शेजारची पोर ऑटोत बाळंत झाली होती, त्या बंद दवाखान्यासमोरूनच ऑटो पुढे गेला, आणि बाळ राहिलं नाही. मांडीवर त्या पोरीचं डोकं घेऊन सुमन त्या ऑटोत बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी सातापैकी चार उमेदवार आले. सूत्रसंचालनाला एक निवृत्त मुख्याध्यापक होते, अतिसभ्य गृहस्थ. सुमनची चिठ्ठी निघाली तेव्हा त्यांनी पहिला भाग वाचला आणि ‘कोणाला धरायचं’ हे त्यांना उद्धट वाटलं असावं, ते गाळून चिठ्ठीची घडी केली. आमचा पांढराशुभ्र उठला. सहा महिन्यांत डॉक्टर बसवतो म्हणाला. मग छातीवर हात ठेवून, “आणि नाही बसला, तर माझ्या या आयांनी माझा कान धरावा.” काय टाळ्या पडल्या! सगळ्यात मोठ्याने मी वाजवल्या. मग हात हवेतच राहिले... तो न वाचलेल्या ओळीचं उत्तर देऊन बसला होता. मी हळूच सुमनकडे पाहिलं. ती पदराने चष्मा पुसत होती. सावकाश पुसत होती.

तो निवडून आला. डॉक्टर आला नाही, आणि कान धरायला तो पुन्हा आमच्या हाताशीही आला नाही.

ते सहा महिने उलटले. पुढच्या आठवड्यात सुमन दारात उभी. “चाल वं शालू, अर्ज द्यायले जायचं आहे.” मी निमूट चप्पल घातली. तिथून सुरू झालं ते संपेचना. मे महिन्यातल्या दुपारी कार्यालयाच्या पायऱ्या, ‘साहेब मिटिंगमध्ये आहेत’, सह्या गोळा करत गल्लीबोळ, मोर्चे, निवेदनं. घरचे विचारायचे, तुला काहून एवढी हौस? हौस कसली. तिने हाक मारली की मला ती चिठ्ठी आठवायची आणि पाय आपोआप निघायचे. बारा वर्षांनी दवाखाना उघडला, तोही आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या दिवशी सुमनने बीपी मोजून घेतलं आणि डॉक्टरला दटावलं, की रविवार सोडून उरलेले तीन दिवस कोण आजारी पडणार नाही ते आम्हाला लिहून द्या.

सांगायचा प्रयत्न मी केला, खोटं नाही सांगत. गेल्या निवडणुकीत पुन्हा उमेदवारांची सभा झाली. या वेळी चिठ्ठ्या नाहीत, प्रश्न थेट माईकवर, हाही नियम सुमनचाच. वॉकर घेऊन आली, दम लागत होता, तरी उरलेल्या तीन दिवसांचं काय ते आलेल्या सगळ्या उमेदवारांना विचारलंच. परतताना ई-रिक्षात मी म्हटलं, सुमन, एक सांगायचं होतं. ती म्हणाली, उद्या सांग. उद्या गेले तर म्हणाली, झोप येऊन राहिली. नंतर ती मोठ्या दवाखान्यात भरती झाली, तिथेही तेच. मी तोंड उघडलं की तिला पाणी हवं असायचं, उशी हवी असायची. शेवटपर्यंत तिने मला ते वाक्य पुरं करू दिलं नाही.

परवा राहवेना. उज्ज्वलाकडे गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पोह्यांपासून टाळ्यांपर्यंत. तिने मला खुर्चीत बसवलं. हसत होती की रडत होती, कळेना. मग म्हणाली,

“मावशी, आईले तं त्याच दिवशी समजलं होतं. मी म्हटलं, मग विचारून टाक ना मावशीले एकदाचं. तं म्हणे, ‘नको वं. तिनं सांगून टाकलं का ते मोकळी होईल, अन् मोकळी झाली तं माह्यासोबत उन्हात चालाले कोण येईल?’”