दाराचा गिलावा

आमच्या दाराच्या एका अंगाला दगड, दुसऱ्या अंगाला वीट अन् मधे सागाची चौकट. नांदेडला घर बांधलं तेव्हा जे हाती लागलं ते लावत गेलो. पण तिघांचं आपसात पटत नाही. उन्हाळ्यात चौकट आखडते, पावसात फुगते, अन् जोडावरचा गिलावा फाटतो. यंदा तर वरपासून खालपर्यंत ढलपेच निघाले.

लेक लातूरला दिली आहे. फोनवर म्हणाली, "आई, एखादा मिस्त्री लाव की."

"मिस्त्रीच्या घराला दुसरा मिस्त्री? लोक काय म्हणतील?"

लोकांचं आपलं निमित्त. ह्यांच्या भिंतीला परक्याचा हात लागू द्यायचा नव्हता, एवढंच खरं. हे जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

तीस वर्षं आम्ही दोघं एकाच कामावर. हे भिंतीपाशी, मी खाली. वाळू चाळायची, सिमेंट कालवायचं, घमेलं भरून द्यायचं. कालवलेल्याला आम्ही माल म्हणतो. घमेलं संपत आलं की हे मागं न बघताच ओरडायचे, "माल!" मी म्हणायची, "आले की! जरा दम धरा!" दिवसभराचं आमचं बोलणं एवढंच. थापी मात्र कधी हातात दिली नाही. म्हणायचे, "तुझं काम न्हाई ते." लई राग यायचा. अजून येतो.

तर एका सकाळी मीच पदर खोचला. ठोकून बघितलं, पोकळ वाजला तेवढा गिलावा पाडला. दगड घासला, विटा भिजवल्या, जोडावर तारेची कोंबडी जाळी ताणून खिळे मारले. बघून बघून सगळं पाठ होतं. माल कालवला, घमेलं भरलं, दारापाशी नेऊन ठेवलं.

अन् कमरेवर हात देऊन उभी राहिले. हे उचलतील म्हणून.

किती वेळ, देव जाणे. शेजारीण दळण घेऊन चालली होती, म्हणाली, "काय बघून राहिलात, मावशी?" तेव्हा भानावर आले. माल घट्ट झाला होता. लोकांच्या कामावर कधी एक घमेलं वाया घालवलं नव्हतं मी. तिथंच उंबऱ्यावर बसून रडले, खोटं कशाला सांगू. ह्यांना चार शिव्याही दिल्या. जायची एवढी काय घाई झाली होती?

मग पुन्हा कालवला. ह्यांची पिशवी उघडून थापी काढली. विटेनं माल धरला, पण दगडावरून बदकन खाली आला. दुसऱ्यांदाही तेच. मग आठवलं, दगडाला हे आधी सिमेंटचं पाणी मारायचे. मारलं, तेव्हा कुठं चिकटला. हळूहळू जाळी झाकली, चौकटीची कड भरत आली. हात चालायला लागला तशी भिंतीवरची नजर हलेना.

थापी घमेल्याच्या बुडाला खरडली. मागं न बघताच मी ओरडले, "माल!"

गल्लीत कुणी नव्हतं. घरात तर नव्हतंच.

"आले की," मी म्हणाले, अन् थापी खाली ठेवून उठले.