पंचमीचे साय-खोबऱ्याचे गोळे

बोरी बुद्रुकात उज्ज्वलाचं नाव निघालं की पाठोपाठ तिच्या दिंडांचं नाव निघायचं. नागपंचमीला तवा ठेवायचा नाही, विळीला हात लावायचा नाही, तळणं-भाजणं तर नावालाही नाही. मग गोडाला पुरण भरलेल्या कच्च्या पुरीची चौकोनी घडी घालून वाफेवर उकडायची, ती ही दिंडं. बाकीच्या बायकांची दिंडं चाळणीतून काढताना फुटायची. उज्ज्वलाचं एकही फुटायचं नाही. आळीत कौतुक, भावकीत कौतुक, आणि या कौतुकानंच तिला दाव्याला बांधून ठेवलं.

कारण पंचमी हा लेकींचा सण. लेकींनी माहेरी यायचं, कुणीतरी करून घातलेलं खायचं, झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसायचं. उज्ज्वलाची नणंद प्रयाग मंचरला दिलेली होती. ती दर पंचमीला पोरं घेऊन बोरीला यायची, आणि तिला दिंडं गरम लागायची, वरून तूप. ती गरम घालायची तर उज्ज्वला घरात हवी. उज्ज्वलाही पेठच्या एका घरची लेक आहे, हे सासरी सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं निराळं आणि पंचमीच्या दिवशी आठवणं निराळं.

तिचा धाकटा भाऊ भरत मात्र दरवर्षी तिला न्यायला यायचा. मोटारसायकल दारात लावायचा, ओट्यावर बसून चहा प्यायचा. मग सासूबाई, बायडाबाई, दारात येऊन म्हणायच्या, "पावणं, आज कशी धाडू हिला? माजी लेक यायचीय. परवा धाडते." ती परवा कधी उगवली नाही. परवा खुरपणी निघायची, नाहीतर कांदाचाळीतला कांदा निवडायचा असायचा. भरत दिंडांचा डबा हँडलला अडकवून एकटाच माघारी जायचा. बहिणीला न्यायला आलेला भाऊ डबा घेऊन जातो, यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

पहिली काही वर्षं उज्ज्वला गोठ्यामागं जाऊन रडली. मग तेही बंद झालं. रडायलाही अंगात जोर लागतो. चाळिशी जवळ आली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि झोक्याची हौस तर केव्हाच विरली. आता तिला एवढंच हवं होतं, की एका पंचमीला आईच्या दारात भिंतीला पाठ टेकून बसावं, आणि दिवसभरात कुणी म्हणू नये, "उज्ज्वला, पाणी आण." यापेक्षा मोठं मागणं तिनं देवाकडेही केलं नव्हतं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. श्रावण तोंडावर होता. दुपारी वीज होती तेवढ्यात टीव्ही लावून ती लसूण सोलत बसली होती. टीव्हीतली बाई साय, खोबऱ्याचा कीस, दुधाची पावडर आणि पिठीसाखर एकत्र मळून त्याचे गोळे वळत होती. वळता वळता ती हसून म्हणाली, याला गॅस पेटवायचीसुद्धा गरज नाही. उज्ज्वलाचा हात लसणावरच थांबला. गॅस नाही, म्हणजे तवा नाही. वड्या नाहीत, म्हणजे सुरी नाही. आणि गरम खायचे नाहीत, म्हणजे आदल्या दिवशी करून ठेवता येतात. आदल्या दिवशी करून ठेवले, तर पंचमीला उज्ज्वला घरात कशाला लागते?

ही गोष्ट तिनं आठवडाभर मनात ठेवली. मग एका संध्याकाळी बायडाबाईंच्या पायाला तेल लावता लावता हळूच काढली.

"खोबरं खिसायचं म्हंजे चिरणंच की गं!" बायडाबाई ताडकन म्हणाल्या.

"आदल्या दिशी खिसून ठिवते, आत्याबाई. पंचमीला फकस्त ताटात ठिवायचं. सकाळी भात-आमटी शिजवते, वारुळाला जाऊन येते, अन् मग निगते."

"अन् ताटं कोन वाढणार?"

"तुमी."

बायडाबाईंना हे अगदीच नवं होतं. सून आल्यापासून त्यांनी ताट वाढून घेतलं होतं, वाढलं नव्हतं. त्यांनी दुसरा पाय पुढं केला. मग म्हणाल्या, "मला माज्या सासूनं कदी पंचमीला धाडलं न्हाई. मीबी कदी मागितलं न्हाई."

"म्हनून तर मी मागते," उज्ज्वला म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. ती फक्त दमलेली होती, आणि ते बायडाबाईंना ऐकू आलं असावं. त्यांनी पाय ओढून घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ आला न्यायला, तर जा."

नवऱ्याला विचारायचा प्रश्न नव्हता. रामनाथ प्रत्येक गोष्टीला "बघू की" म्हणायचा, याही गोष्टीला म्हणाला.

पंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपास. पोटात चहाखेरीज काही नाही आणि उज्ज्वला गोळ्यांना बसली. बिनचुलीचा पदार्थ सोपा, असं टीव्हीतल्या बाईला वाटतं. तिच्या मागं कीस कोण पाडून देतं, ते काही पडद्यावर दिसत नाही. आधी खोबऱ्याच्या वाट्यांची काळी पाठ खरवडायची, म्हणजे कीस पांढरा पडतो. मग किसणीवर किसायचं, बोटांची सालं सांभाळत. साखर मिक्सरमध्ये घातली आणि वीज गेली, तेव्हा तीही खलबत्त्यात कुटली. म्हशीच्या दुधाची दोन दिवसांची जाड साय घातली, आळेफाट्याहून आणवलेली पावडर घातली, मळायला घेतलं, तर हाताला पिठल्यासारखं लिबलिबीत लागलं. श्रावणातली दमट हवा. साखरेला आपसूक पाणी सुटत होतं. तिनं उरलेली पावडर घातली. उरलेला कीस घातला. तरी गोळा वळून ताटात ठेवला की हळूहळू बसायचा.

चाखून बघायची सोय नव्हती. नागोबाला दाखवण्याआधी निवद उष्टा कसा करायचा? दिंडाचं पुरण ती वासावरून ओळखायची, पण या पदार्थाशी तिची ओळखच नव्हती. अगोड झालंय की गोडमिट्ट झालंय, देव जाणे. ती बसके गोळे किसात घोळवत राहिली. कंबर धरली होती. बत्तीतलं रॉकेल संपत आलं होतं. फ्रीज नव्हता, म्हणून माठाखालच्या ओल्या वाळूवर परात ठेवली आणि वर फडकं टाकलं. आईच्या वाट्याचे गोळे तेवढे तिनं दुकानातून आणलेल्या गुलाबी पतंगाच्या कागदात एकेक गुंडाळले. आईसाठी पहिल्यांदाच स्वतः काही घेऊन जायचं होतं, ते जरा शोभिवंत असावं, असं तिला वाटलं.

सकाळी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. भात-आमटी झाली, वारुळाला लाह्या-दूध झालं, गोळ्यांचा निवद झाला. उज्ज्वला हिरवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली.

प्रयाग आली. भरत आला नाही.

"वैनी, तू चाललीस? मग दिंडं?" प्रयागनं चप्पल काढायच्या आधी विचारलं. मग एक गोळा तोंडात टाकला, दुसराही टाकला. "ब्येस झाल्यात की. पन दिंडाबिगर पंचमी वाटंना बाई."

रस्त्यावर मोटारसायकल वाजली की उज्ज्वला मान वर करायची. इतकी वर्षं न चुकता आला, म्हणून या खेपेला तिनं निरोपही धाडला नव्हता. आपल्याला तयार बसलेलं बघून भरतचं तोंड कसं होईल, एवढीच तिला गंमत होती. ऊन ओट्यावर चढलं. बायडाबाई दारात येऊन म्हणाल्या, "न्यायला आल्याबिगर जायाचं नसतं. चल, ऊठ. पुरन शिजायला टाक. अजून दिंडं व्हतील."

आणि खरं सांगायचं तर उज्ज्वलाला क्षणभर तेच सोपं वाटलं. लुगडं बदलावं, पदर खोचावा, डाळ शिजत टाकावी. हाताला येणाऱ्या कामात निदान वाट तरी बघावी लागत नाही. पण मग तिला वाटलं, आज उठले तर ही पिशवी पुन्हा कधी भरायला व्हायची नाही. ती उठली, पण आत गेली नाही.

"थांब की, येईल तो. बघू," रामनाथ म्हणाला.

"तुमी बघा," असं म्हणून ती पायऱ्या उतरली.

आळेफाट्यापर्यंत शिटं भरली की सुटणारी वडापची जीप, तिथून पुढं एसटी. बसायला जागा नव्हती. मंचरला कांद्याच्या गाड्यांची रांग लागली होती, एसटी तिथं कितीतरी वेळ उभी राहिली. उज्ज्वला दांडा धरून उभी होती आणि तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. भरत का आला नाही? आई बरी असेल ना? की सगळे मिळून मला विसरले? ही विसरल्याची शंका तिला आईच्या काळजीपेक्षा जास्त झोंबत होती, आणि तशी ती झोंबते याची तिला लाज वाटत होती.

पेठला घराच्या उंबऱ्यात आई बसली होती. साळुबाई ठणठणीत होत्या, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. लेकीला बघून त्यांच्या हातातलं सूप कलंडलं.

"तू? आज?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. चूल गार होती. पुरणाचा वास नाही, भावजयीच्या, मंदाच्या, बांगड्यांचा आवाज नाही. उज्ज्वलानं पिशवी खाली ठेवली. "भरत का आला न्हाई गं? मी तयार बसले व्हते."

साळुबाईंनी खाली मान घातली. "मीच न्हाई धाडला. तो मंदाला घिऊन गेलाय. घोडेगावच्या फुडं, तिच्या म्हायारी."

उज्ज्वलाला भडभडून आलं. मी इतकी वर्षं अडकले, आणि ज्या वर्षी सुटले त्याच वर्षी यांनी माझ्यासाठी दार उघडं ठेवलं नाही. "माजी वाट बगायचं सोडलंस व्हय, आये?"

"सोडलं," साळुबाई म्हणाल्या. "तुजी वाट बगन्यात तिचं म्हायार बुडत व्हतं. दरसाली वन्सं येनार म्हनून मंदा पहाटंपास्नं दिंडं करायची. तू यायची न्हाईस, तुजा डबा यायचा. तुज्या हातची चव, मग काय, समदी तुजीच दिंडं खायची. तिची फुटल्याली दिंडं सांजच्याला म्हशीपुढं जायची. दरसाली. ती कदी चकार शबूद बोलली न्हाई. औंदा म्या म्हनलं, एकीला न्हाई तर न्हाई, दुसरीला तरी जाऊं दे."

उज्ज्वला भिंतीला पाठ टेकून खाली बसली. आपल्या डब्याचा तिला अभिमान होता. आपण नाही गेलो तरी आपल्या हातची चव माहेरी पोचते, यावर तिनं एकेक पंचमी काढली होती. त्या डब्यानं पेठमध्ये कुणाचं काय केलं, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती बोरीत प्रयागसाठी अडकली होती आणि मंदा इथं तिच्यासाठी अडकली होती. आता रडू आलं, आणि आज त्याला पुरेल एवढा जोरही अंगात होता. आईनं तिला रडू दिलं.

मग साळुबाई पाणी आणायला उठल्या. उज्ज्वला सवयीनं अर्धी उठली, तसा त्यांनी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं. पाणी पिऊन झाल्यावर पिशवीतला डबा उघडला. कागद ओलावला होता आणि त्याचा रंग उतरून गोळे गुलाबी झाले होते, चपटेही झाले होते.

"हे काय, रंग घातलायस व्हय?"

"कागदाचा उतरला. वरचं खरवडून खा."

साळुबाईंनी नखानं गुलाबी खरवडलं, दाताखाली गोळा फोडला. "ग्वाड लई झालंय," त्या म्हणाल्या आणि सगळा खाल्ला. उज्ज्वलानंही तेव्हाच पहिला चाखला. खरंच गोड फार झालं होतं. तिथंच भिंतीशी ती आडवी झाली, आणि दिवसाउजेडी, सणासुदीची, गाढ झोपली.

जाग आली ती मोटारसायकलच्या आवाजानं. उन्हं कलली होती. मंदा दारातून आत आली. हातावर मेंदी, केसांत गजरा, तोंडावर हसू. भिंतीशी नणंद दिसली आणि ते हसू पार पुसलं गेलं.

"अगं बया, वन्सं! कवा आलासा? मला ठावंच न्हाई... बसा, बसा, आत्ता करते," असं म्हणत तिनं पदर खोचला आणि ती तशीच चुलीकडे धावली. काड्यापेटी शोधणारे तिचे हात उज्ज्वलाला लांबून ओळखीचे वाटले. आपलेच वाटले.

ती उठली, गुडघा धरत चुलीपाशी गेली आणि मंदाच्या हातातली काड्यापेटी काढून घेतली.

"पदर सोड आदी," उज्ज्वला म्हणाली. "बस. आज तू म्हायारास्नं आलीयास."

मंदा बसली खरी, पण टेकली नाही. केव्हाही उठता यावं अशी चवड्यांवर बसली. उज्ज्वलानं तिच्यापुढं डबा सरकवला आणि स्वतः तिच्यासाठी पाणी आणायला गेली.