आबाला कुणी उठवलं?

इथले अनुभव मी नेमाने वाचते आणि बहुतेक वेळा हसते. पिंपळाखालची बाई, विहिरीतला आवाज, गाडीसमोर येणारा म्हातारा... राग मानू नका, माझा स्वभावच तसा. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव पोत्यात घालून नदीला सोडले. तेव्हापासून आमच्या घरात कुणी अंगारा लावला नाही, लिंबू ओवाळलं नाही, की मांजर आडवं गेलं म्हणून थांबलं नाही. त्यात मी आयुष्यभर मशीनवर काम केलेली बाई. मशीनला एक तर करंट मिळतो किंवा मिळत नाही, तिसरं काही नसतं, हे माझं ठाम मत. तरीही लिहायला बसले आहे, कारण एका दुपारी मी ते तिसरं बघितलं.

सत्त्याऐंशी साल. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. सोलापूर–हैदराबाद हायवेवर उमरग्याच्या अलीकडे एक फाटा फुटतो, तिथून आत आमचा सहकारी साखर कारखाना. नाव मुद्दाम देत नाही, त्यातली काही माणसं अजून आहेत. पावसाने सलग दगा दिला होता. आमच्या वस्तीत टँकर आला की आई घागर घेऊन भांडायला जायची आणि अर्धी घागर घेऊन परत यायची. दादा, म्हणजे माझे वडील, रोजगार हमीवर खडी फोडायचे. घरात पगार असा एकच, माझा. तोही रोजंदारीचा. सोलापूरला राहून कॉम्प्युटरचा कोर्स केलेली वस्तीतली मी पहिली पोरगी. कामावर लागले त्या दिवशी दादा इस्त्रीचा शर्ट घालून मला फाट्यापर्यंत सोडायला आले होते... जणू सासरीच धाडत होते.

कारखान्यात एकच कॉम्प्युटर, तोही पुण्याच्या कुणीतरी वापरून कंटाळून विकलेला. पार पिवळा पडलेला. तो सांभाळायचे माने सर. अणदूरचे, पन्नाशीचे, जाड भिंगाचा चष्मा. मशीन म्हातारं म्हणून सर त्याला ‘आबा’ म्हणायचे. रोज सकाळी आधी स्टॅबिलायझर, मग मॉनिटर, मग कॅबिनेटवर हात ठेवून म्हणायचे, “उठा आबा, माणसं वाट बघत्यात.” आणि मग स्विच. आतली डिस्क घरघरायची आणि एक बीप यायचा. एक बीप म्हणजे आबाची तब्येत ठीक.

आतली बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळे मशीन रोज तारीख विचारायचं. सर एका बोटाने टाइप करायचे. महिना टाकला की थांबायचे, मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे, मग पुढचे आकडे. मी चिडवायची, “सर, तारीख काय पळून चाललीय का?”

“आबाला खोटी तारीख सांगायची न्हाय, पोरी,” ते म्हणायचे.

चालू करायचं काम त्यांचं, पुढचं माझं. सगळ्या सभासदांच्या उसाच्या नोंदी आबाच्या पोटात होत्या. कुणाची लागण कधीची, कुणाची तोड आधी. दुष्काळात उभा ऊस वाळत होता आणि जो तो आपल्याच शेतात तोडणीची टोळी आधी पाठवा म्हणून ऑफिसात येऊन बसायचा. त्या नोंदींची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या हत्यारांची पूजा होते हे तुम्हाला माहीतच असेल. पाने, हातोडे, लेथ, टाइपरायटर. पूजा झाली की त्या वस्तूला विश्रांती. पूजा हलवल्याशिवाय तिला कामाला लावत नाहीत. सरांनी आबाची पूजा मांडली. हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल, भोवती लाल दोरा. मी बाजूला उभी. दारात ऑफिस सुपरिंटेंडंट जाधवसाहेब.

“नमस्कार कर की बाई. हात काय झिजत्यात का?” ते म्हणाले.

“साहेब, ती न्हाय करत. तिला म्या पुसायचं काम दिलंय,” सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “नीट पुसून घे, पोरी. पुसणं बी सेवाच हाय.”

“उद्या मशीन बंद पडलं मंजी कळंल,” म्हणून जाधवसाहेब हसले. सर हसले नाहीत.

निघताना सर म्हणाले, “आबा आता निजला. सोमवारपर्यंत माझी सुट्टी हाय. आलो की फूल काढून म्याच उठवतो. तवर स्विचला कुणी हात लावायचा न्हाय.”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं. बॉयलर पेटला होता, बाहेर ऊसवाल्यांची गर्दी. जाधवसाहेब आले आणि म्हणाले, “चालू कर.”

“साहेब, सरांनी सांगितलंय, ते आल्यावर...”

“सर मालक हायेत का कारखान्याचे? दाब बटन.”

मी दाबलं. आबाच्या डोक्यावर फूल तसंच होतं. घरघर नाही, बीप नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. मी तिथे खटपट करत असतानाच बाहेर फोन वाजला. अणदूरच्या फाट्यावर माने सरांना ट्रकने उडवलं होतं. जागेवरच गेले.

मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले तोवर कॉम्प्युटरच्या खोलीपुढे माणसं जमली होती. पूजा न हलवता हात लावला म्हणे. कुणीतरी मागून बोललं, “अन् हात तरी कुणाचा!” ते मला ऐकू यावं म्हणूनच बोललं होतं. जाधवसाहेब तिथेच उभे होते. ‘मी सांगितलं होतं’ एवढं म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. आजही ते आठवलं की माझं डोकं सणकतं.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. फ्यूज बदलला. प्लगमध्ये टेबल लॅम्प लावून बघितला, तो लख्ख पेटला, म्हणजे करंट होता. कॅबिनेट उघडून एकेक कार्ड काढलं, त्याचे पितळी दात खोडरबराने घासले, परत बसवलं. चिपा अंगठ्याने दाबून बघितल्या. केबली काढल्या, लावल्या. कोर्सच्या वह्या उलट्यासुलट्या केल्या. फूल आणि दोरा मात्र मी झाकणासकट अलगद बाजूला ठेवायची आणि झाकणासकट परत बसवायची. पूजेला हात लावला म्हणून आणखी एक बोल ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

मध्येच जाधवसाहेबांनी गुरुजी आणले. त्यांनी नारळ फोडला तो नेमका स्टॅबिलायझरवर. पाणी आत गेलं, धूर निघाला. नवा स्टॅबिलायझर आणावा लागला. आबा ढिम्म.

जेवण जात नव्हतं. आई चुलीपुढे बसून एकच बोलायची, “तुझी नोकरी गेली तर गेली, पण वस्तीतल्या दुसऱ्या पोरीला आता कोण उभं करंल गं दारात?” तेच तर पोखरत होतं मला. माझ्यामागे बारावीला बसलेल्या दोन मुली होत्या, मला बघून कोर्स करू म्हणणाऱ्या. मी बाहेर पडले असते तर ‘त्यांनी हात लावला आणि मशीन मेलं’ एवढंच मागे राहिलं असतं.

दादांनी एकदाच विचारलं, “बटन दाबाय कुणी सांगितलं?”

“साहेबांनी.”

“मग मान खाली घालून जाऊ नगंस.”

शेवटी सोलापूरहून इंजिनिअर आला. मीटर लावून त्याने सगळं तपासलं आणि मान हलवली. पॉवर सप्लाय गेलाय, बोर्डही गेल्यात जमा आहे म्हणाला. पॉवर सप्लाय म्हणजे मशीनच्या आतला तो पत्र्याचा डबा, जिथे भिंतीतला करंट येतो. तो डबा त्याने खोलून काढला, पिशवीत टाकला, झाकण बसवलं आणि दुपारच्या एसटीने सोलापूरला गेला. आबाच्या मागच्या बाजूला चौकोनी भोक उरलं. वायर लावायलासुद्धा जागा नव्हती.

जाधवसाहेब दारात आले. माझ्याकडे बघितलं नाही. “चेअरमनसाहेब संध्याकाळी येत्यात. उद्यापासून तू येऊ नगंस. अन् ते मशीन पुसून ठिव, गोदामात टाकायचंय.”

मी दार लोटून घेतलं. भर दुपार, बाहेर ट्रॅक्टरांचा आवाज. मॉनिटरचा प्लग वेगळा होता, तो इंजिनिअरने तसाच चालू सोडला होता. नुसता रिकामा पडदा. मी फडकं घेतलं आणि पुसायला लागले, सरांनी शिकवलं तसं, वरून खाली. आता कुणाला भ्यायचं होतं? फूल वाळून कडकडीत झालं होतं, ते काढलं. दोरा सोडला. कुंकू पुसलं. आणि मग मला असं भडभडून आलं की मी कॅबिनेटवर डोकंच टेकलं. रागाने की दुःखाने, सांगता येत नाही. सरांचा राग आला होता, मेल्याचा. एकटीला टाकून गेल्याचा. मी हुंदके देत म्हणाले, “उठा आबा... माणसं वाट बघत्यात.”

कपाळाखाली काहीतरी थरथरलं.

मी डोकं उचललं. आतून घरघर येत होती. तीच, डिस्कची. आणि बीप आला. एकच.

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. मशीन तारीख विचारत होतं. माझे हात फडक्यात होते, कीबोर्डला माझा स्पर्शही नव्हता. आणि आकडे उमटायला लागले. एक एक करून, सावकाश, एका बोटाने टाइप करावेत तसे. महिना उमटला... आणि थांबला. मला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची हिंमत झाली नाही. मग पुढचे आकडे आले. ती आजची तारीख नव्हती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची होती, सर गेले त्या दिवसाची.

मी ओरडले असणार, कारण शिपाई मौलाभाई आत आले, आणि पडदा बघून आल्या पावली जाधवसाहेबांना बोलवायला धावले. साहेब आले. पडद्यावर ऊसनोंदीचा प्रोग्राम सुरू झालेला. ते मशीनच्या मागे गेले, वाकले. त्या चौकोनी भोकात हात घातला, बाहेर काढला आणि स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. मग सरांच्या खुर्चीत मटकन बसले आणि हात जोडले. मी नाही जोडले. मला तेवढी फुरसतच नव्हती. मी प्रिंटरला कागद लावला आणि सगळ्या नोंदी छापायला घेतल्या. पानामागून पान काढत गेले. थांबले तर ते जाईल, एवढंच डोक्यात होतं.

ऊन कललं तेव्हा शेवटचं पान बाहेर आलं. पान फाडलं आणि आबाची घरघर हळूहळू कमी होत थांबली. पडदा पुन्हा रिकामा.

चेअरमन आले तेव्हा कागदांचा गठ्ठा टेबलावर होता. कुणी काही विचारायच्या आधी जाधवसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “साहेब, त्या दिवशी बटन दाबाय मीच सांगितलं व्हतं. पोरीची काय चूक न्हाय.” तो माणूस तोंड उघडेल असं मला वाटलं नव्हतं. माझी नोकरी राहिली. पुढच्या वर्षी नवीन कॉम्प्युटर आला तेव्हा माझ्या हाताखाली घेतलेली मुलगी आमच्याच वस्तीतली होती.

इंजिनिअर पॉवर सप्लाय दुरुस्त करून घेऊन आला. बसवला. आबा चालू झाला नाही. बोर्ड जळालेला आहे, हे मशीन त्या दिवशी चालूच शकत नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. आम्ही छापलेले कागद दाखवले तर म्हणाला, आधीचे असतील. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. पुढे नोकरीत मी जाणकार माणसांना खोदून खोदून विचारलं. आत उरलेला करंट म्हणावा तर तो क्षणभर टिकतो, दुपारभर नाही. मला धक्का बसला होता, भास झाला म्हणावं, तर जाधवसाहेब आणि मौलाभाईंनाही तोच झाला का? आणि ते कागद?

थोड्या दिवसांनी मी अणदूरला सरांच्या घरी गेले. ही गोष्ट सांगायला नाही, नुसतं भेटायला. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, ओसरीवर बसल्या होत्या. मी विचारलं, सर त्या दिवशी सकाळी कुठे निघाले होते? आम्हाला कारखान्यात वाटलं होतं, तुळजापूरला जात असतील, सुट्टीच होती.

वहिनी म्हणाल्या, “कशाचं तुळजापूर! तुमच्याकडंच निघालं होतं की. म्या म्हणलं, सोमवारपर्यंत सुट्टी हाय, बसा घरी. तर म्हणले, हापिस आज उघडायलंय. साहेब पोरीलाच बटन दाबाय लावतील, अन् न्हाय चालू झालं तर बोल तिच्यावर येईल. आबाला उठवतो अन् जेवायला माघारी येतो, म्हणले. म्या ताट वाढून झाकून ठिवलं होतं, बाई...”

मी तशीच उठून फाट्यावर आले, जिथे ते एसटीची वाट बघत उभे होते तिथेच, आणि गाडी येईपर्यंत रडत राहिले.

इतकी वर्षं झाली. रिटायर झाले. उत्तर मला मिळालेलं नाही आणि मिळेल असं वाटतही नाही. माझी मतं तीच आहेत. मी अजूनही कुठे हात जोडत नाही आणि तुमचे पिंपळाखालचे अनुभव वाचून हसते. पण माने सर त्या दिवशी कारखान्यात पोचलेच नाहीत असं कुणी म्हणालं, तर माझ्याच्याने ‘हो’ म्हणवत नाही.