ताटाखालची गोधडी

जुन्या जालन्यात एका शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर एक मावशी रोज बसलेली असायची. शिंप्याकडच्या चिंध्या जोडून ताटाखाली घालायच्या छोट्या गोधड्या शिवायची. कात्री तिच्याकडे नव्हतीच. चिंधी जशी असेल तशी लावायची, तळहाताने दाबायची, मान तिरकी करून बघायची आणि मगच पुढची हुडकायची.

आई गेली त्या वर्षी मी तिच्याकडे आईचं एक विरलेलं पातळ नेऊन दिलं. घरात मी एकटीच उरले होते. ओट्यापाशी उभ्यानेच काहीतरी पोटात ढकलायचे.

गोधडी आणायला गेले तेव्हा ती शेवटची कड शिवत होती. पदराची गाठ सोडून तिने ज्वारीचे चार दाणे आत सरकवले.

"हे कशाला, मावशी?"

"ज्याच्यावर रोज ताट मांडायचं, त्येलाच उपाशी ठिवू का, बाई?" दाताने दोरा तोडत ती म्हणाली. "रिकाम्या पोटाची गोधडी म्या कुनाला देत न्हाई."

घरी आणून मी ती कपाटात ठेवून दिली. आईच्या पातळावर ताट कसं ठेवायचं! पुढे कुबट वास यायला लागला म्हणून धुतली, पिळून बादलीत ठेवली आणि वाळत घालायची विसरले. दोन-तीन दिवसांनी पाहिलं, तर कडेच्या टाक्यांतून दोन कोंब बाहेर आले होते.

कोंब कुंडीत लावले. गोधडी वाळवून जमिनीवर अंथरली, तिच्यावर ताट वाढून घेतलं आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच मांडी घालून पोटभर जेवले.