शून्य लिहू नका, काकू

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही प्रोग्रॅममधल्या ‘नल’बद्दल बोलत होतात आणि मी मध्येच म्हणाले, “म्हणजे अजून न कळलेलं ना?” तुम्ही हसलात, आजीला हे कुठून ठाऊक म्हणून. जिने मला ते शिकवलं ती आता झाशीत नाही. तिचा आवाज कानात आहे तोवर लिहून ठेवते.

“काकू, शून्य लिहू नका. अजून कळलं नाही म्हणा.” हे तिचं पालुपद. दूधवाला येणार नाही म्हटलं तरी हेच.

ती मूळची सांगलीची, नवरा फौजेत. त्याची तुकडी झाशीजवळच्या बबीना छावणीतून सरहद्दीकडे हलली, तेव्हा ती झाशीत नगरा भागातल्या आमच्या घरी वरच्या मजल्यावर राहायला आली. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच प्रोग्रॅम लिहायची. काम अडलं की खाली यायची, माझ्या हातातली भाजी ओढून घ्यायची आणि निवडत बसायची.

मराठी मंडळात गणपतीच्या महाप्रसादाला किती पानं होतील, हा अंदाज नेहमी चुकायचा. तिने फोनवर भरायचा अर्ज तयार करून दिला. तो कसा चालतो, हे मला माझ्या मिसळणाच्या डब्यावर समजावलं. फोनमधून माहितीची पुडकी येतात, त्यांना जेसन म्हणतात, प्रत्येकावर नाव. इकडे प्रोग्रॅममध्ये ऑब्जेक्ट, म्हणजे हा डबा, वाट्या मांडून तयार. हळद हळदीच्या वाटीत, मोहरी मोहरीच्या.

पहिल्याच वर्षी भात कमी पडला. फौजी घरांत माणूस सुट्टीच्या गाडीत बसेपर्यंत तो येणार असं कुणी तोंडातून काढत नाही. एक येणार की दोन, हे ठरेना म्हणून बबीनाच्या बायकांनी आकड्याचा रकाना कोराच सोडला. आणि तिच्या प्रोग्रॅममधली आकड्याची वाटी रिकामी राहूच शकत नव्हती. तिथे आपोआप शून्य पडलं. त्या बायका आल्या, कुणाकुणाचे नवरेही आले. आचारी मान हलवत म्हणाला, “भाभीजी, हमें तो इत्ते ही बताए थे.” ती शेवटपर्यंत वाढत राहिली. स्वतः जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वाटी रिकामी राहू शकेल अशी केली. कोरं ते कोरंच दिसेल, मग फोन करून विचारता येईल. ते मला दाखवताना ती एकदम थांबली. नवऱ्याचा फोन बरेच दिवस आला नव्हता, हे मला माहीत होतं. तरी मी विचारलं, तुझ्या रकान्यात तू काय भरलं होतंस?

“कोराच सोडला होता, काकू,” ती म्हणाली. “आणि ह्यांचं शून्य मीच केलं.”

मी तिच्या पुढ्यात ताट ठेवलं. त्या दिवशी ती जेवली.

तो आला दिवाळीनंतर, वाळलेला, लाजरा. माझ्या स्वयंपाकघरात मांडी घालून जेवला. ती समोर बसून नुसती बघत होती. मग बदली झाली. सामानाच्या काळ्या पेट्या ट्रकमध्ये चढल्या. सुरुवातीला तिचे मेसेज येत, पुढे नंबरच बदलला. वर आता दुसरे भाडेकरू आहेत. संध्याकाळी भाजी निवडायला घेते, तेव्हा अजून जिन्याकडे बघते.

तिचा अर्ज मंडळात चालू आहे. ज्या घरांचा रकाना कोरा असतो, त्यांच्यासाठीही भात शिजतो.