अंगठे घेऊन धाराशिवला

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. धाराशिवहून आल्यावर गुडघा सुजला, मग चष्म्याची काडी मोडली, आणि एका बोटानं मोबाईलवर लिहिताना भलतंच काही जाईल ही धास्ती वेगळीच. मी चौथी शिकलेला माणूस. पण हा प्रवास सांगितल्याशिवाय चैन पडेना.

आमचं गाव जळकोट. इथं निराधारचा पगार घ्यायचा तर यंत्रावर अंगठा उठावा लागतो, आणि जन्मभर खुरप्यानं, दोरानं, राखेनं झिजलेला अंगठा उठत नाही. मग ओळख पटवायला पोराला संगं घेऊन या, असं पगार देणारे म्हणतात. पोराचा रोज बुडतो, आपली मान खाली जाते. त्यावर गावानं काढलेला उपाय म्हणजे पगाराच्या आधी चार दिवस अंगठ्याला खोबरेल लावून चिंधी बांधायची आणि त्या हाताला काम लावायचं नाही. तरी खात्री नसतेच. म्हणून तिघांनी ठरवलं, जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन साहेबांना समोरच दाखवायचं. अंगठा उठत नसेल तर डोळा बघणारं यंत्र गावात आणा, आमचा पगार आम्हाला आमच्या हातानं घेऊ द्या.

तिघं म्हणजे मी, गाद्या भरणारे याकूबभाई आणि शेजारची काशीबाई. काशीबाई ऐंशीच्या घरातली, एकटी राहते.

जाणार असाल तर सकाळची एसटी धरा, नंतर उभं राहावं लागतं. पंचाहत्तरीपुढं तिकीट नाही, मला अर्धं लागलं. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा. मी दर थांब्याला ते काढून बघत होतो.

"आण्णा," याकूबभाई म्हणाले, "घासून घासून फोटो पुसून टाकाल. मग तुमचं तोंडबी उठायचं न्हाय."

नळदुर्गला ट्रकांमागं गाडी रखडली आणि कचेरी बंद होईल या काळजीनं मी कंडक्टरला सारखी वेळ विचारू लागलो. तुळजापूरला गाडी बदलली. तिथं चहा घेतला, काशीबाईनं शेजारणीकडून बांधून आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आपल्या वयाच्यांनी लघवीचं तिथंच उरकून घ्यावं, पुढं सोय होईल या भरवशावर राहू नये.

धाराशिवच्या कचेरीत पायऱ्या चढून धाप लागली. साहेब तरुण होते, पण आधी खुर्च्या मागवल्या. सगळं ऐकून त्यांनी अंगठ्याचं यंत्र आणवलं. वयानं मोठी म्हणून काशीबाई पुढं झाली, अंगठा टेकवला, आणि तो पहिल्या झटक्यात उठला.

इतक्या लांब आलो ते अंगठा उठत नाही हे दाखवायला! मग तिच्या नखाला चिकटलेला चिंधीचा धागा दिसला. कचेरीत जायचं म्हणून बाईनं सवयीनं तेल लावून हात बांधून ठेवला होता.

साहेब हसले. "आजी, उठला की."

आता सगळं पाण्यात गेलं असं वाटून मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं मला हातानं थांबवलं.

"उठला, साहेब. चार दिस झाडू न्हाय, भांडं न्हाय, खुरपं न्हाय. शेजारणीनं पाणी भरून दिलं, म्हणून उठला. हात बांधून बसलं की सरकार वळखतंय, कामाला लागलं की वळखत न्हाय. मी एकलीनं दर महिन्याला असं बसून कसं जगावं?"

साहेबांचं हसू थांबलं. माझा आणि याकूबभाईंचा अंगठा त्यांनी स्वतः धरून टेकवला, पुसून पुन्हा टेकवला. उठला नाही. मग त्यांनी सांगितलं, डोळ्याचं यंत्र महिन्यातून एकदा पाठवता येईल, पण एका गावापुरतं नाही. आसपासच्या कोणकोणत्या गावांत ही अडचण आहे ते घेऊन या, मी मांडतो.

परतताना खव्याचे गुलाबजाम खाल्ले. साखरेची भीती होती, तरी दोन खाल्ले. कुणाला हात न पसरता, पोरांना संगं न नेता तिथवर जाऊन बोलून आलो, या विचारानं छाती भरून येत होती. काशीबाई खिडकीशी ताठ बसली होती.

घरी आल्यावर तिनं चिंधी चुलीत टाकली. म्हणते, आता परत बांधायची न्हाय. पण यंत्र आलं नाही तर तिला बांधावीच लागेल, हा घोर मला झोपू देत नाही. रोज दारातून विचारते, "आण्णा, आलं का कुणाचं काही?"

नळदुर्ग, माकणी, लोहारा, कुठलंही गाव असो, तुमच्याकडं कुणाकुणाचा अंगठा उठत नाही ते खाली लिहा. लिहिता येत नसेल तर लिहिणाऱ्याला सांगा. पण लवकर कळवा.