जाईबाईची पांदण

आमच्या गावात शेतकऱ्यांची संघटना आहे. तिचा झेंडा आहे, बिल्ला आहे, आणि तालुकाध्यक्ष उत्तमराव यांची पांढरी गाडी आहे. त्या गाडीच्या काचेवर ‘शेतकरी’ असं वीतभर अक्षरांत लिहिलेलं आहे. मी निवृत्त मास्तर, अकरा वर्षं या संघटनेची पत्रकं आणि निवेदनं लिहीत होतो. गाडीची काच सोडून संघटनेत शेतकरी कुठे आहे, ते मला अकरा वर्षांत सापडलं नाही. एक सापडली होती, जाईबाई तायडे. तिचं यांनी काय केलं, ते सांगतो.

जाईबाई बुद्धविहाराच्या मागे राहते. वय पंचावन्नच्या पुढे, आवाज खणखणीत. वीस वर्षांहून जास्त काळ ती कापूस वेचणाऱ्या बायकांची टोळी चालवते आहे. तेल्हाऱ्याच्या आसपासचं एकही गाव तिच्या टोळीने सोडलं नसेल. वजनात काटा मारणाऱ्या मालकाला ती त्याच्याच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं करून झापते, मग तो कितीही मोठा असो. त्या कमाईतून तिने तीन एकर काळी जमीन घेतली, तीही स्वतःच्या नावावर. तलाठ्याने सातबाऱ्यावर नाव चढवायला टाळाटाळ केली, तेव्हा ती डबा घेऊन दोन दिवस त्याच्या दारात बसली. नवरा शेषराव गरीब स्वभावाचा, बैलांशी बोलेल तेवढंच माणसांशी बोलतो.

तिच्या शेतात जायला गावातून एकच वाट, पांदण. दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी ही जुनी गाडीवाट, लहानपणी मीही त्या वाटेने बैलगाडीत बसून गेलो आहे. या पांदणीला लागून उत्तमरावांचं शेत. आता आमच्याकडे धुरा कोरायची एक घाणेरडी रीत आहे. नांगरताना दरवर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, पलीकडे टाकायचं, वर्षाला वीत-दोन वीत सरकायचं. कोणी हटकलं तर ‘बैलानं वढलं’ म्हणायचं. बैल जाऊन ट्रॅक्टर आला, तरी उत्तमराव अजून तेच म्हणतात. असं कोरत कोरत पांदणीची पायवाट झाली, आणि यंदा त्या पायवाटेवरही त्यांनी तूर पेरली. जाईबाईची बैलगाडी तर आधीच घरी उभी होती, आता माणसांनाही दुसऱ्यांच्या धुऱ्याधुऱ्याने शेतात जावं लागे. कापूस निघेल तेव्हा तो घरी कसा आणायचा, हा प्रश्न तिला जूनपासून खात होता.

ती उत्तमरावांकडे गेली. मी तिथेच होतो.

“भाऊ, भांडाले नाई आली. तेवढी पांदन मोकळी करून द्या.”

“तुही एकटीचीच काहून? साऱ्या तालुक्याच्या पांदनी मोकळ्या करून घेऊ,” उत्तमराव म्हणाले. “निवेदनात टाकतो. तू फक्त अकोल्याले धरन्याले ये. बायकाईले घेऊन ये.”

ती चौदा बायका घेऊन आली. ऑक्टोबरच्या उन्हात चार दिवस कलेक्टर कचेरीसमोर बसली. तिला मुद्दाम पुढे बसवलं, गळ्यात हार घातला, हातात निवेदन दिलं. पेपरात फोटो आला, खाली लिहिलं होतं ‘लढवय्या महिला शेतकरी’.

त्या निवेदनात पांदण नव्हती. माझ्या मसुद्यात ती नववी मागणी होती. धरण्याच्या आदल्या दिवशी उत्तमरावांनी त्या मागणीवर बोट ठेवलं. “सर, वर निर्यातीचं, आयात शुल्काचं लिवलं अन खाली हे गल्लीतलं भांडन? बरं नाई दिसत. काढा.” मी काढली. कोणाच्या शेताचं भांडण आहे हे मला चांगलं ठाऊक होतं, तरीही काढली. याची मला लाज वाटते.

महिनाभराने ती तहसील कचेरीत विचारायला गेली. बाबूने निवेदन उलटून दाखवलं, आठच मागण्या. ती तिथून तडक माझ्या ओसरीवर आली.

“सर, पांदन कोठी गेली?”

“मी काढली. उत्तमरावांनी सांगितलं म्हणून.”

“मंग मी चार दिवस कायले बसली तिथी?”

ती चहाही न घेता गेली.

दुसऱ्या सकाळी पहिल्या वेचणीचा कापूस गाठोड्यांत बांधून तिची टोळी शेतातून निघाली. पायवाटेच्या जागी तूर उभी होती. जाईबाई पुढे, मागे चौदा जणी, डोक्यावर गाठोडी. त्या तुरीतून सरळ चालत गावात आल्या. जुन्या पांदणीच्या रुंदीबाहेर एकही झाड मोडलं नव्हतं, मी स्वतः जाऊन पाहिलं.

दुपारी उत्तमराव माझ्याकडे. “सर, पत्रक लिवा. शेतकऱ्याच्या उभ्या पिकाची नासाडी!”

“शेतकरी कोण?”

“कोन म्हंजे? मी!”

“आणि जाईबाई?”

“ते वेचनारी बाई हाय, सर. तुमी कायच्या काय बोलून राहिले.”

मी लिहीत नाही म्हणालो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांचं काही अडलं नाही, त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर मोबाईलवर फिरलं. त्यात ‘काही मजूर महिलांनी’ असं होतं. नाव नाही, जमीन नाही, सातबारा नाही.

दोन दिवसांनी पांदणीच्या तोंडाशी काटेरी तार ठोकायला संघटना आली. अकोल्याच्या धरण्यात चौथ्या दिवशी मंडपात एकोणीस माणसं उरली होती, त्यातल्या पंधरा जणी जाईबाई आणि तिच्या टोळीच्या. इथे मात्र साठ जण आले, बिल्ले लावून, झेंडे घेऊन. यांच्या पायात एवढं बळ आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. तारेपलीकडे जाईबाईचं शेत होतं, दुसऱ्या वेचणीची बोंडं फुटायला लागली होती. ती पिशवीतला सातबारा काढून तारेसमोर उभी राहिली.

“मी शेतकरी नाई काय?” तिने विचारलं.

मागून उत्तमरावांच्या पुतण्याने आरोळी ठोकली, “शेतकरी एकजुटीचा!” आणि साठ जणांनी एका सुरात “विजय असो!” म्हटलं. अकोल्यात चार दिवस या आरोळीला जाईबाईनेच सर्वात मोठ्याने साथ दिली होती. ही घोषणा आपल्याविरुद्ध आहे हे कळेपर्यंत तिचा हात सवयीने अर्धा वर गेला होता.